इंग्रजी विभाग : एक विसरलेले ऋण

गेल्या उन्हाळ्यात झिंज येथील आमच्या दवाखान्यात एक तरुण उजव्या हाताला पट्टी बांधून आला. गोदामात माल उतरविताना लोखंडी पट्टीने त्याचा तळवा चिरला होता. टाके दुसरीकडे घातले गेले होते. आमच्याकडे तो जखम दाखविण्यास व रजेचा कागद घेण्यास आला होता. बोलण्याचा हेल ऐकून आम्ही मराठीत विचारपूस केली, तेव्हा त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. नांदेड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावचा तो मुलगा, बी. ए. झालेला, आणि तेही इंग्रजी हा मुख्य विषय घेऊन. निघताना त्याने खिशातून एक घडी घातलेला कागद काढला व हळू आवाजात म्हणाला, "सर, यात काय लिहिलंय तेवढं सांगाल का? मी सही केलीय."

तो अपघाताचा अहवाल होता. त्यातील मुख्य वाक्य मराठीत सांगावयाचे तर असे होते : "सुरक्षेचे नियम पाळले गेले नाहीत, त्यामुळे इजा झाली." आम्ही त्यास विचारले, "नियम कोणी पाळले नाहीत?" तो गोंधळला. हातमोजे मागूनही मिळाले नव्हते, ही गोष्ट त्याने आम्हांस तोंडी सांगितली. कागदावर तिचा मागमूस नव्हता. वाक्यात कर्ताच नव्हता, आणि ज्या वाक्यात कर्ता नसतो त्याखाली जो सही करतो तोच कर्ता ठरतो. "मोबाइलवर भाषांतर करून बघितलं होतं, सर. शब्द कळले," तो म्हणाला.

शब्द कळले, पण वाक्य कळले नाही. इंग्रजी विषयाचा पदवीधर असा का राहिला, असे आम्ही त्यास विचारले. त्याचे उत्तर ऐकून आम्ही निरुत्तर झालो. "आमच्या कॉलेजात इंग्रजीचे सर दर वर्षी नवे यायचे. तासावर असायचे. दिवाळीनंतर यायचे आणि परीक्षेआधी जायचे."

हा लेख त्या उत्तरातून निघाला आहे. स्मरणिकेच्या पानांवर आपण महापुरुषांविषयी लिहितो आणि ते योग्यच आहे. परंतु महापुरुषांचा विचार आपल्यापर्यंत ज्यांच्या हातून आला, त्या लहान महाविद्यालयांतील प्राध्यापकांविषयी, त्यातही इंग्रजीच्या प्राध्यापकांविषयी, आपण फार थोडे बोलतो. लहान महाविद्यालयातील इंग्रजी विभाग हे आपल्या चळवळीचे एक मोठे धन होते, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत संपत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

*

हे धन कोणते, हे पाहावयाचे तर औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जावे लागेल. पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना बाबासाहेबांनी १९४५ साली केली. १९४६ मध्ये मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय निघाले व १९५० मध्ये औरंगाबादेस महाविद्यालय सुरू झाले. पुढे तेच मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता. निजामाच्या काळात तेथील उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. खेड्यांतून येणाऱ्या दलित मुलांच्या घरी मराठी, कचेरीत उर्दू आणि महाविद्यालयात इंग्रजी, अशा तीन पायऱ्या त्यांना चढावयाच्या होत्या; आणि शिडी कोणीच दिली नव्हती. नागसेनवनातील वर्गांनी ती शिडी दिली.

त्या नावातही एक धडा आहे. मिलिंद हा ग्रीक राजा, मिनँडर. त्याचे आणि भिक्खू नागसेनाचे प्रश्नोत्तर 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आहे. संवादाच्या आरंभी नागसेन राजास विचारतो की, तू पंडितांप्रमाणे बोलणार आहेस की राजांप्रमाणे? पंडितांच्या वादात एक हरतो, चूक कबूल करतो आणि कोणी रागावत नाही; राजांच्या वादात जो विरोध करतो त्यास शिक्षा होते. मिलिंद म्हणतो, पंडितांप्रमाणे. परक्या भाषेचा राजा आणि या मातीतला भिक्खू यांचा हा बरोबरीचा संवाद आहे. इंग्रजीच्या वर्गाची याहून चांगली व्याख्या आम्हांस ठाऊक नाही. परक्या भाषेपुढे मान तुकवावयाची नाही आणि तिच्यावर रागही धरावयाचा नाही. तिला प्रश्न विचारावयाचा आणि तिच्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे.

या परंपरेचे ठळक नाव म्हणजे डॉ. म. ना. वानखडे. इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या वानखडे सरांनी साठच्या दशकात अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात वॉल्ट व्हिटमन या कवीवर संशोधन करून डॉक्टरेट मिळविली. त्या काळी अशी पदवी घेऊन येणाऱ्या माणसास आयुष्यभर व्हिटमनवर व्याख्याने देत सुखाने राहता आले असते. वानखडे सरांनी परत येताना आणखी एक गोष्ट आणली. तेथील कृष्णवर्णीय लेखकांनी आपल्या अपमानाचे साहित्य कसे केले, याचे प्रत्यक्ष ज्ञान त्यांनी आणले. मिलिंदच्या प्राचार्यपदावरून आणि आपल्या मराठी लेखांतून त्यांनी ते ज्ञान विद्यार्थ्यांसमोर ठेवले. १९६७ साली नागसेनवनातील मंडळींच्या प्रयत्नाने 'अस्मिता' हे नियतकालिक निघाले; ते पुढे डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली 'अस्मितादर्श' या नावाने दलित साहित्याचे व्यासपीठ झाले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, तिच्या नावातच अमेरिकेतील ब्लॅक पँथरचा उल्लेख होता. हे सारे एकट्या वानखडे सरांमुळे घडले असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे इतिहासाशी प्रतारणा होईल. परंतु न्यूयॉर्कच्या हार्लेमचे दुःख आणि मराठवाड्यातील गावकुसाबाहेरचे दुःख यांची तुलना करण्यास भाषा हवी होती, आणि ती देणाऱ्यांत इंग्रजीचा हा प्राध्यापक अग्रभागी होता. १९७८ मध्ये ते निवर्तले. 'दलितांचे विद्रोही वाङ्मय' हा त्यांचा लेखसंग्रह त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला.

ते एकटे नव्हते. लातूरचे डॉ. जनार्दन वाघमारे हेही इंग्रजीचेच अध्यापक. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते व १९९४ साली स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य व संस्कृती यांवर त्यांनी मराठीत ग्रंथ लिहिला. प्र. ई. सोनकांबळे हे औरंगाबादेतील इंग्रजीचे प्राध्यापक. आई-वडिलांवाचून, बहिणीच्या आश्रयाने वाढलेल्या मुलाची भूक त्यांनी 'आठवणींचे पक्षी' या पुस्तकात सांगितली. ते पुस्तक १९७९ साली आले, आणि ते आपल्या गावच्या बोलीचा गंध असलेल्या मराठीत आले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. हे तिघेही इंग्रजीचे प्राध्यापक; आणि तिघांचे समाजाला उपयोगी पडलेले काम मराठीत आहे. इंग्रजी शिकून ते मराठीपासून दूर गेले नाहीत. दूरची गोष्ट जवळच्या माणसास सांगण्यासाठी त्यांनी इंग्रजी वापरली. आपल्या लहान महाविद्यालयांतील इंग्रजी विभागाचे खरे कार्य हेच होते. ते कारकून तयार करण्याचे कार्य नव्हते आणि साहेब तयार करण्याचे तर नव्हतेच.

*

आमचे स्वतःचे शिक्षणही अशाच एका गुरुजनामुळे झाले. परभणी जिल्ह्यातील एका लहान महाविद्यालयात आम्ही अकरावी-बारावी केली. पत्र्याचे छप्पर, इंग्रजी विभागात दोन माणसे आणि एक लाकडी कपाट. आमचे सर नागसेनवनात शिकून आलेले होते. कर्मणी प्रयोग शिकविताना ते पाठ्यपुस्तक मिटून ठेवीत व फळ्यावर एक वाक्य लिहीत : "विहिरीवर पाणी भरू दिले जात नसे." मग विचारीत, "यात माणूस कुठे आहे? कोण भरू देत नसे?" वर्गात शांतता पसरे. ज्यांच्या घरच्यांनी पाणी भरू दिले नव्हते ती मुले आणि ज्यांना भरू दिले गेले नव्हते ती मुले एकाच बाकावर बसलेली असत. सर कोणाचे नाव घेत नसत. ते एवढेच म्हणत, "कर्मणी प्रयोगात कर्ता लपतो. व्याकरण त्याला लपू देतं. तुम्ही लपू देऊ नका."

पुढे वैद्यकीय महाविद्यालयात इंग्रजीतील पहिले व्याख्यान ऐकताना आम्हांस घाम फुटला होता, आणि आमच्या उच्चारांवर हसणारे पुष्कळ भेटले. परंतु वाक्य उलगडण्याची सवय हाडात मुरलेली होती, म्हणून आम्ही टिकलो. आजही रुग्णाच्या कागदावर "औषध दिले गेले नाही" असे वाचले की आमचा पहिला प्रश्न असतो : कोणी दिले नाही? तीस वर्षांच्या व्यवसायात या एका प्रश्नाने किती रुग्णांचे हित झाले, याची आम्ही मोजदाद ठेवलेली नाही. पण तो प्रश्न औषधशास्त्राच्या वर्गात शिकविला गेला नव्हता, एवढे निश्चित सांगतो.

बाबासाहेबांच्या चरित्रातही असा एक शिक्षक आहे. एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्रा. म्यूलर यांनी तरुण भीमरावांना पुस्तके दिली व वापरावयास कपडेही दिले. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील थोर कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले. तेथील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागविल्या आणि अस्पृश्यांची स्थिती व त्यांची स्थिती यांतील साम्याचा उल्लेख केला. डू बॉइस यांनी त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस उत्तर दिले. जगातील दोन पीडित समाजांच्या विद्वानांनी एकमेकांस इंग्रजीत पत्रे लिहिली. ज्या भाषेने साम्राज्य चालविले तीच भाषा दोन गुलामीच्या आठवणींमधील पूल झाली. वानखडे सर पुढे याच पुलावरून चालले.

*

हे आम्ही झिंजमध्ये बसून लिहीत आहोत, यालाही एक औचित्य आहे. 'झिंज' हे नाव उच्चारले की अरबी इतिहासातील 'झंज' हा शब्द आठवतो. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील कृष्णवर्णीयांना अरब त्या नावाने ओळखीत. झांझिबार या नावातही तोच शब्द आहे. बसऱ्याजवळच्या दलदलीत खारट मातीचे थर खरवडून जमीन लागवडीस आणण्याचे काम या गुलामांकडून करून घेतले जाई. ८६९ साली त्यांनी बंड केले आणि ते १४ वर्षे टिकले. त्या बंडाचा नेता त्यापूर्वी काही काळ पूर्व अरबस्तानात अनुयायी जमवीत होता. तो प्रदेश तेव्हा बहरीन याच नावाने ओळखला जाई. येथील आपल्या मुलांना हा इतिहास ठाऊक नाही. आणि तो ठाऊक करून घेण्याइतके इंग्रजी त्यांना उत्तम येते, हीच खेदाची बाब आहे.

झिंजच्या जवळच अधारीचा झरा होता. त्याचे पाणी पाटांनी दूरच्या खजुरीच्या बागांपर्यंत जाई आणि काठावरची जमीन कोरडी राही. त्यावरून बहरीनी लोकांत एक म्हण आहे की, अधारी दूरच्याला पाजते आणि जवळच्याला सोडते. आता त्या झऱ्याचा मूळ ओघ आटला आहे व त्या जागी उद्यान आहे. म्हण मात्र जिवंत आहे. एका वृद्ध बहरीनी रुग्णाने ती आम्हांस प्रथम सांगितली तेव्हा आम्ही हसलो. घरी गेल्यावर हसू मावळले. ही म्हण आपल्यालाच लागू आहे.

आपण सारे त्या दूरच्या बागा आहोत. मराठवाड्यातील, विदर्भातील लहान महाविद्यालयांच्या पाण्यावर आपण वाढलो. डॉक्टर झालो, अभियंते झालो, लेखापाल झालो. आखातात आलो, काही पुढे विलायतेस गेले. आपली मुले घरातही इंग्रजीत बोलतात आणि आजीशी फोनवर बोलताना अडखळतात. ज्या वर्गातून आपण निघालो तेथे मात्र आज कपाटाला कुलूप आहे. अनेक महाविद्यालयांत सेवानिवृत्त झालेल्या प्राध्यापकाची जागा वर्षानुवर्षे भरली जात नाही. तासिका तत्त्वावर नेमलेला पदव्युत्तर तरुण, कित्येकदा पीएच. डी. झालेला, तासांच्या हिशेबाने मानधन घेतो आणि तेही वेळेवर मिळत नाही. सुट्टीत त्याला काहीच मिळत नाही. अशा शिक्षकाने व्हिटमन कधी वाचावा? विद्यार्थ्याला पुस्तक द्यावयास थांबावे कधी? ज्याची स्वतःची नेमणूक पुढच्या जूनपर्यंत टिकेल की नाही हे ठरलेले नाही, तो "कर्ता शोधा" हे कोणत्या धैर्याने सांगेल?

यावर काही आक्षेप घेतले जातील, ते आम्ही टाळू इच्छित नाही. पहिला असा की, इंग्रजी साहित्य शिकून पोट भरत नाही. मुलांना संगणक शिकवावा. संगणक अवश्य शिकवावा. परंतु आमच्या दवाखान्यात आलेल्या तरुणाचे नुकसान संगणक न आल्यामुळे झाले नाही. वाक्य न उलगडल्यामुळे झाले. दुसरा आक्षेप असा की, आता यंत्रच भाषांतर करते. करते, आणि चांगलेही करते. परंतु मूळ वाक्यात लपलेला कर्ता भाषांतरातही लपलेलाच राहतो. यंत्रास विचारल्याशिवाय ते सांगत नाही, आणि काय विचारावयाचे हे शिकवावेच लागते. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : प्राध्यापकांच्या जागा भरणे हे शासनाचे काम आहे, परदेशस्थ संस्थेचे नव्हे. हे आम्हांस संपूर्ण मान्य आहे. शासनाची जबाबदारी आपण देणगीने उचलली तर शासन ती कायमची खाली ठेवील. म्हणून आम्ही पगारासाठी वर्गणी मागत नाही.

आमची विनंती तीन गोष्टींची आहे. पहिली : आपल्या संस्थेने दरवर्षी गुणवंतांच्या सत्कारावर जो खर्च होतो त्यातील काही भाग सलग पाच वर्षे एकाच लहान महाविद्यालयाच्या इंग्रजी विभागाच्या ग्रंथांसाठी व नियतकालिकांसाठी द्यावा, आणि तेथून एम. ए. करू इच्छिणाऱ्या एका विद्यार्थ्याचा खर्च उचलावा. निवड महाविद्यालयाने करावी. छायाचित्र काढू नये. दुसरी : आपण प्रत्येक जण वर्षातून एकदा गावी जातो. त्या सुट्टीतील एक दिवस आपल्या जुन्या महाविद्यालयात जाऊन वर्गात मागच्या बाकावर बसावे. हारतुरे घेऊ नयेत. विभागात किती जागा मंजूर आहेत, किती भरल्या आहेत, हे विचारावे व लिहून घ्यावे. मग माजी विद्यार्थी या नात्याने आपण सर्वांनी सह्या करून शासनास निवेदन द्यावे, आणि त्या निवेदनात एकही वाक्य कर्त्याशिवाय लिहू नये. तिसरी : सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी, एक तास घरात मुलांसह मराठी पुस्तक वाचावे. आरंभ 'आठवणींचे पक्षी'ने करावा. मुलांना बोलीतील शब्द अडले तर आपण सांगावेत. आपल्यालाही अडले तर गावी फोन लावावा.

पहिल्या दोन गोष्टींनी काठावरच्या जमिनीस पाणी मिळेल. तिसरीने दूरच्या बागेस आपल्या पाण्याचे मूळ कळेल. दोन्ही हवे आहे.

तो तरुण त्यानंतर दोन वेळा आला. पहिल्या वेळी जखम पाहिल्यानंतर आम्ही आमच्या नोंदीत स्पष्ट लिहिले की, इजा कामाच्या वेळी झाली व हातमोजे दिलेले नव्हते असे रुग्ण सांगतो. वैद्यास एवढेच करता येते. मग त्यास म्हटले, "बाळ, तुझे निवेदन आम्ही लिहून देणार नाही. तू लिही, आम्ही तपासतो." दुसऱ्या वेळी तो वहीच्या कागदावर पाच वाक्ये लिहून घेऊन आला. शुद्धलेखनाच्या चुका होत्या. क्रियापदांचे काळ दोन ठिकाणी चुकले होते. पण पाचही वाक्यांत कर्ता होता. मी मागितले. मुकादमाने दिले नाहीत. मी काम केले. माझा हात कापला. मी न वाचता सही केली.

त्याचे प्रकरण अद्याप निकालात निघालेले नाही. परंतु तो कागद पाहताना आम्हांस पत्र्याच्या छपराखालचा वर्ग आठवला, आणि वाटले, सर असते तर त्यांनी लाल शाईने काळ दुरुस्त केले असते आणि खाली लिहिले असते : "ठीक." त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी कोणास मिळाल्याचे आम्हांस स्मरत नाही.

जय भीम.